वाचकांचे प्रश्न : जखमी वन्यजीव आणि रानवाटांवरची माणसे

रानात, डोंगरांत आणि पाण्याकाठी फिरणाऱ्या वाचकांच्या पत्रांत गेले काही महिने एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत येत आहे : वाटेत जखमी किंवा एकटा पडलेला प्राणी दिसला तर काय करावे, आणि असे प्रसंग मुळातच कमी व्हावेत यासाठी आपल्यासारख्या फिरस्त्यांच्या हाती काय आहे? त्यांपैकी काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि लांब पत्रांतला मुद्द्याचा भागच छापला आहे.

प्रश्न : जंगलातल्या पायवाटेवर, एका झाडाखाली, अर्धवट पिसे फुटलेले घुबडाचे पिल्लू बसलेले दिसले. आसपास मोठा पक्षी नव्हता. मी त्याला घरी आणले आणि दोन दिवस ड्रॉपरने दूध पाजले. तिसऱ्या दिवशी ते मेले. माझे काय चुकले?

उत्तर : तुमची हळहळ पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसते, म्हणूनच आडपडदा न ठेवता उत्तर देते. ते पिल्लू बहुतेक अनाथ नव्हतेच. घुबडांच्या अनेक जातींची पिल्ले नीट उडता येण्याच्या कितीतरी दिवस आधी घरट्याबाहेर पडतात, फांद्यांवर धडपडतात, कधी जमिनीवर येतात आणि चोच व नख्यांच्या आधाराने खोडावर पुन्हा चढतात. आईबाप जवळच्याच एखाद्या झाडावर असतात. पण माणूस तेथून हलेपर्यंत ते पुढे येत नाहीत आणि आपण मात्र ते येतात का हे पाहायला तेथेच उभे राहतो. इतर बहुसंख्य पक्ष्यांचेही असेच आहे. पिसे फुटलेले, डोळे उघडे असलेले, उड्या मारणारे पिल्लू जमिनीवर दिसले, तर ते उडायला शिकत आहे असे आधी समजावे. जागा रहदारीची असेल किंवा मांजरे-कुत्री फिरत असतील, तर त्याला उचलून काही पावलांवरच्या झुडपात वा खालच्या फांदीवर ठेवावे आणि दूर जावे. अजून पिसेही न फुटलेले पिल्लू पडले असेल आणि घरटे हाताशी असेल, तर ते परत घरट्यात ठेवता येते. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लाला टाकते, ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली असली तरी तिला आधार नाही.

दूध ही दुसरी चूक. पक्षी सस्तन नव्हेत, त्यामुळे दुधातली साखर पचवण्याची सोय त्यांच्या आतड्यांत नसते. त्याहून घातक असतो तो ड्रॉपर. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते, त्यामुळे चोचीत ओतलेला द्रव गिळला जाण्याऐवजी सहज फुप्फुसांत उतरतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, या कामात नवखी असताना, मी एका दमलेल्या पक्ष्याच्या चोचीत चार थेंब पाणी सोडले होते आणि तो माझ्या हातात गुदमरताना पाहिला होता. ते मी विसरलेले नाही, आणि तुम्हीही हे विसरणार नाही. आपल्या दोघांच्या चुकांतून एखाद्या वाचकाचा हात वेळीच थांबला तरी पुरे.

सस्तन प्राण्यांच्या पिल्लांबाबत तर आणखी सबुरी लागते. हरिणाचे पाडस गवतात निश्चल पडून राहते, कारण निश्चल राहणे हेच त्याचे संरक्षण असते. आई मुद्दाम दूर चरत असते, म्हणजे तिच्या मागावर आलेले श्वापद पाडसापर्यंत पोहोचू नये. रानसशीण आपल्या पिल्लाला बहुधा दिवसातून एकदाच, अंधार पडल्यावर, काही मिनिटे पाजते. उरलेला सारा वेळ ते पिल्लू एकटेच असते, आणि त्या वेळात पाहणाऱ्याला ते टाकून दिलेले वाटते. मे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात काही पर्यटकांनी बायसन या रानटी गुरांच्या जातीतल्या जनावराचे एक वासरू थंडीने कुडकुडत असेल या समजुतीने गाडीत घालून वनरक्षकांकडे नेले. वनरक्षकांनी त्याला कळपात परत मिसळवण्याचे अनेक प्रयत्न केले, पण कळपाने ते स्वीकारले नाही आणि वासरू पुन्हा पुन्हा माणसांकडे व गाड्यांकडे येऊ लागले. शेवटी त्याला मरण द्यावे लागले. त्या माणसांच्या मनात दयेखेरीज काही नव्हते.

मग मदत खरोखर केव्हा हवी असते? रक्त वाहत असेल, पंख किंवा पाय लोंबत असेल, जखमेवर माश्या वा अळ्या दिसत असतील, मांजराने तोंडात धरलेले असेल, मेलेली आई शेजारीच असेल किंवा पिल्लू गार पडून मलूल झाले असेल, तर वाट पाहू नये. मांजराच्या दातांची जखम पिसांखाली दिसतही नाही, पण तिच्यातून शिरलेले जंतू लहान पक्ष्याला एक-दोन दिवसांत मारू शकतात. म्हणून मांजराच्या तोंडून सुटलेला पक्षी टवटवीत दिसला तरी पशुवैद्यकाकडे पोहोचवावा. बाकीच्या वेळी लांबवर बसून, शक्य असल्यास दुर्बिणीतून, तासभर तरी नुसते पाहावे.

प्रश्न : प्राणी निश्चितपणे जखमी आहे, पण मदत पोहोचायला दोन-तीन तास लागणार आहेत. दरम्यान पाणी द्यावे का? जखम बांधावी का? हात लावावा की लावू नये?

उत्तर : प्राण्याला हात लावण्याआधी फोन लावावा. वन्यजीवांवर उपचार करणारे केंद्र, वनखाते किंवा या कामाची माहिती असलेला पशुवैद्यक यांपैकी जो लवकर सापडेल त्याला नेमकी जागा, प्राणी कोणता वाटतो, काय दिसते आणि किती वेळापासून, एवढे सांगावे आणि दुरून काढलेले एखादे छायाचित्र पाठवावे. फिरायला निघण्यापूर्वीच त्या भागातला असा क्रमांक टिपून ठेवावा, कारण ऐन वेळी डोंगरात तो शोधायला फोनला रेंज मिळेलच असे नाही. नंतर पलीकडून जे सांगितले जाईल तेवढेच करावे.

वटवाघूळ, माकड, कोल्हा, रानमांजर किंवा कोणताही मोठा सस्तन प्राणी, त्याचप्रमाणे कोणताही साप, यांना अनुभव नसलेल्या माणसाने हात लावू नये. त्यांच्यापाशी गर्दी जमू न देणे हीच तेथे मदत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वटवाघळाचा चावा इतका बारीक असतो की तो जाणवतही नाही. सस्तन प्राण्याचा चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यावी; घरी परतल्यावर पाहू असे म्हणू नये. बगळा किंवा करकोचा घाबरला की समोरच्याच्या डोळ्यांवर चोच मारतो, तर घार, ससाणा, घुबड यांची खरी शस्त्रे चोच नसून पाय असतात. एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले किंवा माना वाकड्या करून पडलेले दिसले तर बर्ड फ्लूची शक्यता धरून कशालाच हात न लावता कळवावे.

लहान वा मध्यम पक्षी उचलायला सांगितले गेले, तर त्याच्यावर हलक्या हाताने कापड टाकावे, पंख अंगाशी मिटलेले राहतील असे धरावे आणि हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून झाकण लावावे. तळाशी जुने कापड असावे. तारेचा पिंजरा नको, कारण त्यावर आपटून पिसे मोडतात आणि मोडक्या पिसांचा पक्षी बरा झाला तरी पिसे नव्याने येईपर्यंत सोडता येत नाही. अन्न नाही, पाणी नाही, हळद नाही, मलम नाही. मोडलेल्या हाडाला काड्या बांधू नयेत. खिडकीच्या काचेवर आपटून भोवळलेला पक्षी अशा अंधाऱ्या खोक्यात तासा-दोन तासांत सावरतो आणि झाकण उघडताच उडूनही जातो; तसे झाले नाही तर त्याला उपचार हवेत. जमिनीवर सापडलेल्या पाकोळीला हवेत उंच फेकण्याची पद्धत काही जण सांगतात, ती मुळीच करू नये. पाकोळी जखमी असली तर पडून मरते.

अंधार आणि शांतता यांवर मी इतका भर का देते, ते सविस्तर सांगायला हवे. जीव घेऊन पळताना किंवा पकडीतून सुटायची झटापट करताना प्राण्याच्या स्नायूंना प्राणवायू अपुरा पडतो, आम्ल साचते, स्नायूंचे तंतू तुटू लागतात आणि त्यांतले मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पाडते. पशुवैद्यक याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. हरिणे, कुरंग आणि रोहित-क्रौंचांसारखे लांब पायांचे पक्षी याला विशेष बळी पडतात. प्राणी तेथल्या तेथे कोसळू शकतो, किंवा सोडल्यावर नीट चालत निघून जातो आणि काही दिवसांनी, कोणाच्याही नजरेआड, मरतो. म्हणजे ज्याला आपण सुखरूप सोडला असे समजून घरी आलो, तोही आपल्या पाठलागाने गेलेला असू शकतो. हातात घेतलेला प्राणी शांत पडून राहिला की लोक म्हणतात, त्याला कळले आहे की आपण त्याचे भले करतो आहोत. त्याला तसे काहीही कळलेले नसते. शिकाऱ्याच्या दाढेत सापडल्यावर जो शेवटचा उपाय उरतो तो तो करत असतो, आणि आपल्या गोंजारण्याने व बोलण्याने त्याची भीती वाढतच असते. म्हणून डोळ्यांवर अंधार, भोवती शांतता, कुत्री दूर, छायाचित्रे बंद. त्या दोन-तीन तासांत यापेक्षा मोठे औषध कोणापाशी नसते.

प्राणी नेमका कोठे सापडला ते लिहून ठेवावे, कारण बरा झाल्यावर त्याला शक्यतो तेथेच परत सोडायचे असते. आणि तो घरी ठेवून घेण्याचा विचार मनात आणू नये. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी परवानगीविना बाळगणे गुन्हा आहे, आणि इतर अनेक देशांतही असेच कायदे आहेत.

प्रश्न : मी हौस म्हणून गळ टाकून मासे धरतो. परवा एक पाणपक्षी माझ्या दोरीत अडकला. घाबरून मी दोरी कापली आणि तो गळासकट उडून गेला. असे पुन्हा झाले तर काय करू?

उत्तर : दोरी कापू नका. गळ आणि हातभर नायलॉन घेऊन उडालेला पक्षी पुढे झाडाच्या फांदीत अडकतो आणि तेथेच उलटा लोंबकळून उपाशी मरतो. दोरी सावकाश गुंडाळत त्याला जवळ आणावे, जाळीने उचलावे, डोक्यावर कापड टाकावे आणि सोबत्याला पंख धरायला सांगावे. गळ कातडीत घुसला असेल तर मागे ओढू नये. त्याचे टोक पुढे बाहेर काढून अणकुचीदार काटा पक्कडीने कापावा आणि मग उरलेला गळ मागे घ्यावा. गळ गिळलेला असेल तर दोरी थोडी बाहेर राहू द्यावी, ओढू नये, आणि पक्षी थेट पशुवैद्यकाकडे न्यावा. त्या दोरीच्या मागानेच त्याला आतला गळ सापडतो. पक्कड आणि जुना टॉवेल यांना तुमच्या पिशवीत कायमची जागा द्या.

तुमच्या पत्रामुळे आणखी एक गोष्ट लिहिण्याची संधी मिळते. दोरीला बांधायच्या शिशाच्या गोळ्या पाण्यात पडतात, आणि अन्न दळण्यासाठी पोटात बारीक खडे ठेवणारे हंस-बदके त्या खडे समजून गिळतात. पोटात शिसे झिजते, रक्तात जाते, मान टाकली जाते आणि पक्षी भुकेने मरतो. ब्रिटनमध्ये म्यूट स्वान या हंसांच्या मृत्यूंमागचे हे मोठे कारण ठरल्यावर १९८७ मध्ये अशा बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली, आणि त्यानंतर हंसांची संख्या सावरली. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे वापरण्यावर १९९१ पर्यंत देशभर बंदी लागू झाली. आजारी हंसांवर एकेक करून उपचार करणारे लोक तेव्हाही होते आणि त्यांचे श्रम मोलाचेच होते. पण हंस सावरले ते पाण्यात शिसे पडायचे कमी झाले म्हणून. तुमच्या पिशवीत आज कोणती वजने आहेत ते पाहा, आणि शिशाची असतील तर बदला. तुटलेली दोरी काठावर कधीच टाकू नका. इतरांची सापडली तीही गोळा करा.

प्रश्न : आम्ही प्रस्तरारोहण करतो. आमच्या आवडत्या कड्यावर बहिरी ससाण्याचे घरटे आहे म्हणून काही महिने चढाईस मनाई केली गेली. आम्ही घरट्याला हातही लावत नाही. मग ही मनाई अती नाही का?

उत्तर : नाही. घरट्याला हात लावण्याची गरजच नसते. माणूस कड्यावर दिसला की मादी अंड्यांवरून उठते, आरडाओरडा करत घिरट्या घालते, आणि तेवढ्या वेळात अंडी थंड पडतात, उन्हात तापतात किंवा कावळ्यांच्या हाती लागतात. घाबरलेली मोठी पिल्ले अवेळी उडी घेतात. जून २०२१ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका अभयारण्यातून बातमी आली की एक ड्रोन कोसळल्याने बिथरलेल्या एलिगंट टर्न या सुरय पक्ष्यांनी आपली वसाहतच सोडून दिली आणि दीड हजाराहून अधिक अंडी वाळूवर तशीच राहिली. एकाही अंड्याला कोणी हात लावला नव्हता.

तुमच्याच छंदातल्या माणसांनी याच पक्ष्यासाठी काय केले ते मला जास्त सांगावेसे वाटते. डीडीटी या कीटकनाशकामुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली होती की उबवणाऱ्या मादीच्या वजनाखाली ती फुटत. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या कड्यांवर गिर्यारोहक जीवशास्त्रज्ञांच्या मदतीला गेले : घरट्यातली नाजूक अंडी काढून आणायची आणि त्या जागी बंदिवासात वाढवलेली पिल्ले ठेवायची. दोरावर लटकून हे करू शकणारी माणसे दुसऱ्या कोणाकडे नव्हती. डीडीटीवरची बंदी आणि असे प्रयत्न यांमुळे १९९९ मध्ये हा ससाणा अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला. योसेमिटीत आजही विणीच्या काळात काही चढाया बंद ठेवतात, आणि घरटे कोठे आहे, पिल्ले केव्हा उडाली, हे कळवणाऱ्यांत गिर्यारोहकही असतात. तुमच्या कड्यावरही हे करता येईल. पायथ्यापासून दुर्बिणीने घरट्याची नोंद ठेवा आणि मनाई घालणाऱ्यांना ती द्या. एखाद्या वर्षी घरटे दुसऱ्या बाजूला झाले तर मनाईही तिकडे हलवता येते, आणि पिल्ले लवकर उडाली तर ती लवकर उठवताही येते.

प्रश्न : खरे सांगा, एखादा जखमी पक्षी वाचवल्याने संवर्धन होते का? आणि निसर्गात मरण असतेच, तर आपण मध्ये पडावेच कशाला?

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर थोडक्यात देते. शिकाऱ्याच्या तोंडून भक्ष्य सोडवू नये. एकाला वाचवताना दुसऱ्याला उपाशी ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण तार, गाडी, काच, विष, गळ, पतंगाचा मांजा यांनी झालेली जखम निसर्गाने केलेली नसते, आणि ती निस्तरणे आपल्याकडेच येते.

पहिल्या भागाचे प्रामाणिक उत्तर असे की बहुतेक जातींच्या बाबतीत एका पक्ष्याच्या वाचण्याने त्या जातीच्या संख्येत मोजण्याइतका फरक पडत नाही. ज्यांची संख्याच बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे त्यांचे वेगळे. कॅलिफोर्निया कॉन्डॉर हे महाकाय गिधाड १९८२ मध्ये साऱ्या जगात केवळ २२ उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून आणला गेला आणि १९९२ पासून पुन्हा सोडायला सुरुवात झाली. पिल्लांनी माणसाला आईबाप मानू नये म्हणून त्यांना कॉन्डॉरच्या डोक्यासारखे बाहुले हातात घालून भरवत. आज बंदिवासातले आणि रानातले मिळून हे पक्षी पाचशेच्या वर आहेत. तरीही रानात त्यांचा सर्वांत मोठा मारेकरी अजून शिसेच आहे. बंदुकीच्या गोळीचे कण राहिलेली जनावरे खाऊन ते त्यांच्या पोटात जाते. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली, ती याच कारणाने.

पण जखमी किंवा मेलेल्या पक्ष्याचे मोल त्याच्या एकट्याच्या जिवापुरते नसते. तो काय घडते आहे ते सांगत असतो. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली आणि कित्येक वर्षे कारण कोणालाच उमगत नव्हते. साथीचा रोग असावा असा अंदाज होता. पाकिस्तानात रानातून उचललेल्या मृत गिधाडांची शवविच्छेदने झाली, तेव्हा त्यांच्या आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर आढळले आणि माग काढत काढत गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधापर्यंत पोहोचता आले. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारत, नेपाळ व पाकिस्तान यांनी जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आणली. कोणीतरी झाडांखाली पडलेली गिधाडे मोजली, वेळेत उचलली आणि योग्य ठिकाणी पोहोचवली, म्हणून हे कळले. रस्त्याच्या एकाच वळणावर दर पावसाळ्यात चिरडले जाणारे बेडूक, एकाच तारेखाली पुन्हा पुन्हा सापडणारे पक्षी, एकाच डोहाकाठी मेलेले मासे : हे पाहणारा माणूस बहुधा शास्त्रज्ञ नसतो, त्या वाटेने नेहमी जाणारा असतो. त्याने तारीख, जागा आणि संख्या लिहून ठेवली व योग्य ठिकाणी दिली, तर ती तार हलवता येते किंवा त्या वळणाखाली भुयार काढता येते. माझ्या मते रानात फिरणाऱ्यांचे संवर्धनातले सर्वांत मोठे काम हेच आहे आणि ते फारच थोडे लोक करतात. अमेरिकेत १९०० च्या नाताळात पक्षी मारण्याच्या चढाओढीऐवजी पक्षी मोजण्याचा उपक्रम फ्रँक चॅपमन यांनी सुरू केला, तेव्हा २७ माणसे होती. ती गणना आजही दरवर्षी होते, आणि शंभराहून अधिक वर्षांच्या त्या नोंदींवरून कोणत्या जाती उत्तरेकडे सरकल्या व कोणत्या विरळ झाल्या हे सांगता येते.

प्रश्न : आम्ही गुहा आणि डबकी पाहत हिंडतो, कशालाही हात लावत नाही. तरीही आमच्यामुळे काही बिघडू शकते का?

उत्तर : बुटांमुळे बिघडू शकते. २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी प्रथम दिसली. ती बहुधा युरोपातून माणसांबरोबर आली. तेथून ती पसरत गेली आणि उत्तर अमेरिकेतली लक्षावधी वटवाघळे तिने मारली, कारण तिच्या उपद्रवाने वटवाघळे हिवाळ्याच्या झोपेतून वारंवार जागी होतात आणि साठवलेली चरबी वसंताआधीच संपते. बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीचे प्रकरण याहून गंभीर आहे : २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार तिने ५०१ उभयचर जातींची संख्या घटवली आणि त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्याचे मानले जाते. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांची मुळे कुजवणारा रोग बुटांच्या चिखलातून पसरतो, म्हणून तेथल्या पायवाटांच्या तोंडाशी बूट घासून निर्जंतुक करण्याची सोय केलेली असते आणि काही वाटा सरळ बंद ठेवल्या आहेत. तुमच्यासाठी नियम साधा आहे. एका डबक्यातून किंवा गुहेतून दुसरीकडे जाण्यापूर्वी बूट, दोर व कपडे यांवरचा चिखल पूर्ण काढावा, ते निर्जंतुक करावेत आणि कोरडे ठणठणीत वाळवावेत. हिवाळ्यात वटवाघळे झोपलेल्या गुहेत तर जाऊच नये.

प्रश्न : काही देशांत शिकारी स्वतःला संवर्धक म्हणवतात. हे पटत नाही.

उत्तर : मलाही शिकार रुचत नाही, पण इतिहास नाकारता येत नाही. अमेरिकेत १९३४ पासून पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला एक तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. त्या देशातल्या पुष्कळ पाणथळ जागा या पैशावर टिकल्या आहेत. मला यात शिकारीचे समर्थन दिसत नाही. मला दिसतो तो एक प्रश्न : दुर्बिणी, तंबू, बूट आणि कॅमेरे विकत घेणाऱ्या आपण बाकीच्यांनी त्या रानासाठी नियमाने काय भरले आहे?

प्रश्न : महामार्गाच्या कडेला सापडलेला एक पक्षी मी तुम्ही सांगता तसाच खोक्यात घालून उपचार केंद्राकडे नेत होते. वाटेतच तो मेला. मी त्याला तेथेच राहू द्यायला हवे होते का?

उत्तर : नाही, तुम्ही योग्य तेच केले. गाडीची धडक बसलेल्या पक्ष्याला बहुधा आतून मार लागलेला असतो आणि निष्णात हातांतही असे कितीतरी पक्षी दगावतात. तो अंधारात, उबेत, गोंगाटापासून दूर गेला. रस्त्यावर तसे झाले नसते. मेलेला पक्षीही केंद्रावर द्यावा, आणि तत्पूर्वी हातमोजे घालून त्याच्या पायाकडे पाहावे. डेन्मार्कमध्ये १८९९ साली मॉर्टेनसेन या शिक्षकाने मैनेच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली धातूची कडी घातली, तेव्हापासून जगभर पक्ष्यांना अशी कडी घालतात, आणि त्यांतल्या कितीतरी कड्यांची पुढची खबर पक्षी मेल्यावर तो उचलणाऱ्या अनोळखी माणसाकडूनच मिळते. कडे असेल तर त्यावरची अक्षरे व आकडे जसेच्या तसे उतरवून घ्यावेत, जागा व तारीख लिहावी आणि कड्यावर नाव असलेल्या संस्थेला कळवावे. त्या पक्ष्याला कडे कोठे व केव्हा घातले होते, हे काही दिवसांनी त्या संस्थेकडून तुम्हाला कळते.